अरण्यातल्या लष्कराच्या भाकऱ्या

सिअ‍ॅटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला अंगमेहनतीचं वावडं आहे असं कोणी म्हणत असेल, तर ते निम्मंच खरं आहे. घरापुढचं गवत कापायला तो माणूस ठेवतो. पन्हळीतला पाला काढायला माणूस बोलावतो. दुकानातून सुटं आणलेलं कपाट जोडायचं म्हटलं की त्याची कंबर धरते. आणि हाच माणूस शनिवारी पहाटे पाचला उठतो, स्वतःच्या गाडीत स्वतःच्या पैशाचं पेट्रोल भरतो, दीड तास गाडी हाकून कॅस्केड पर्वतात जातो, पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढतो आणि जंगलातल्या वाटेवर आडवा पडलेला, ज्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही असा ओंडका हातकरवतीनं कापून संध्याकाळी लंगडत घरी येतो. मोबदला विचाराल, तर दुपारी चॉकलेटची एक वडी.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची आपली परंपरा जुनी आहे. गणपतीची वर्गणी गोळा करणं, नाट्यस्पर्धेचा पडदा ओढणं, दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला वाढणं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. पण त्यात निदान चार लोक बघत असतात. आभारप्रदर्शनात शेवटी का होईना, ‘ज्ञात-अज्ञात कार्यकर्ते’ एवढ्या तीन शब्दांत आपली सोय लागते. इथे बघायला असतात ते फक्त डास, आणि ते आभार मानायला आलेले नसतात.

झाडं पडतात का, तर पडणारच. या भागातली डग्लस फर, हेमलॉक, सीडर ही झाडं दोनशे फुटांच्या घरात सहज जातात. हेमलॉकची मुळं तर अगदी वरवरची. नोव्हेंबरच्या पावसानं माती भिजून सैल होते आणि मग वारा येतो. 19 नोव्हेंबर 2024 ला ‘बॉम्ब सायक्लोन’ म्हणून जे वादळ इथे आलं, त्यानं लाखो घरांचे दिवे घालवले. इथल्या झाडांनी जन्मभर नैर्ऋत्येच्या वाऱ्याशी झुंजायची तयारी केलेली, आणि हा वारा आला पूर्वेकडून. पाठीमागून आलेल्या माणसापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही, तिथे झाडांचं काय? गावातली पडलेली झाडं यंत्रांनी उचलली. डोंगरातली बर्फाखाली गेली आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळल्यावर वाटेवर जशीच्या तशी सापडली.

आता कोणी म्हणेल, वाटेत झाड पडलं तर ओलांडून जावं, त्यात एवढं काय? पण तीन फूट जाडीचं झाड ओलांडायला माणूस आधी त्यावर पोट टेकतो, मग मध्यावर अडकतो, मग पाठीवरची पिशवी त्याला ज्या बाजूला नको त्या बाजूला नेते. हे पाहिलेला दुसरा माणूस शहाणपणानं वळसा घालतो. त्याच्यामागून दहा जण वळसा घालतात. वळशात चिखल होतो, म्हणून अकरावा वळशाला वळसा घालतो. पावसाचं पाणी या नव्या वाटा आनंदानं आपल्याशा करून घेतं आणि दोन-तीन वर्षांत तिथे ओहोळ तयार होतो. एका आडव्या झाडापायी डोंगराची अख्खी उतरण खरवडून निघते.

मग यंत्रकरवत आणा की! दहा मिनिटांचं काम. इथे कायदा आडवा येतो, आणि तो झाडापेक्षा जाड आहे.

3 सप्टेंबर 1964 ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डर्नेस अ‍ॅक्टवर सही केली. हॉवर्ड झानायझर या गृहस्थांनी त्याचे 66 मसुदे केले होते, आणि सही व्हायच्या चार महिने आधी ते वारले. सरकारी कागदाची ही चाल वाचली की अमेरिका एकदम आपलीशी वाटायला लागते. या कायद्यानं सुरुवातीला 54 अरण्यं, सुमारे 91 लाख एकर, राखून ठेवली. आज अशी अरण्यं आठशेच्या वर आहेत आणि एकर अकरा कोटींच्या पुढे. तिथे मोटार नाही, इंजिन नाही, सायकल नाही, सामान वाहायला हातगाडीसुद्धा नाही. घोडा चालतो, खेचर चालतं, कारण त्यांना चाकं नसतात. यंत्रकरवतीला वनखात्यातल्या बड्या साहेबाची खास परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. खात्याचे रेंजरसुद्धा हातानंच कापतात. आपल्याकडे नियम लोकांना असतो आणि खात्याची जीप आत जाते. इथे खात्यानं आधी स्वतःचेच हात बांधून घेतले, आणि मग लोकांकडे हात मागितले.

ते मिळालेही. अमेरिकेच्या पूर्वेकडची अ‍ॅपलेशियन ट्रेल 1937 मध्ये पूर्ण झाली. साडेतीन हजार किलोमीटरांची ही वाट 14 राज्यांतून जाते, आणि तिची झाडलोट करतात तीसेक स्वयंसेवी क्लब. आमच्या पश्चिमेकडे तीच तऱ्हा. आमच्या स्वयंसेवकांच्या गटाच्या वाट्याला येतं ते अल्पाइन लेक्स नावाचं अरण्य, 1976 मध्ये राखलेलं.

फुकट काम करायलाही इथे नंबर लावावा लागतो. उन्हाळ्यातल्या शनिवारच्या जागा भराभर भरतात, मग प्रतीक्षायादी सुरू होते. रेल्वेचं वेटिंग मी पाहिलं होतं, शाळाप्रवेशाचं पाहिलं होतं. श्रमदानाला आरएसी मिळाल्यामुळे खट्टू झालेला माणूस मी इथेच पाहिला.

नंबर लागला की कागदपत्रं. 1972 च्या एका कायद्यानुसार राष्ट्रीय वनांतला स्वयंसेवक हा सरकारी नोकर नसतो. त्याला पगार नाही, रजा नाही. मात्र काम करताना त्याला इजा झाली, तर भरपाईपुरता तो सरकारी नोकर धरला जातो. म्हणजे नोकरीची सुरुवात झाड अंगावर पडल्या क्षणापासून. सरकारी नोकरीसाठी आयुष्यभर परीक्षा देणाऱ्यांनी या वाटेचा विचार करायला हरकत नाही.

करवतीला हात लावायचा तर परवाना लागतो. ए, बी आणि सी अशा तीन पायऱ्या. ‘ए’वाला शिकाऊ, त्यानं जाणत्याच्या नजरेखालीच कापायचं. ‘सी’वाला दांडगा, त्याच्यापुढे ओंडकेही जपून पडत असावेत. परवाना तीन वर्षांनी नवा करायचा आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू ठेवायचं. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी फांद्या उचलायच्या. आयटीत वीस वर्षं काढून ‘सीनियर प्रिन्सिपल’ झालेला माणूस तिथे सकाळभर फांद्या उचलतो आणि संध्याकाळी घरी सांगतो, ‘आज खरं काम झालं!’

आमच्या गटाच्या प्रमुख सत्तरीच्या एक बाई आहेत, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. परवाना सी. करवत त्यांच्या खांद्यावर, आणि आम्ही त्यांच्या मागून बेतानं अंतर राखून. ही करवत म्हणजे क्रॉसकट: सहा फूट लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, दात्यांवर अग्निशामक दलाच्या जुन्या नळाचं चिरून बसवलेलं म्यान. नवी बाजारात मिळते, पण जाणकार शंभर वर्षांपूर्वीचीच शोधतात, कारण यंत्रकरवत आल्यावर चांगल्या हातकरवती करणारे कारखाने त्या धंद्यातून उठले. जुन्या करवतीचं पातं दात्यांकडे जाड आणि पाठीकडे पातळ असतं, म्हणून ती लाकडात आवळली जात नाही. तिच्यात दोन जातींचे दाते. एक जात दोन्ही बाजूंनी लाकडाचे धागे कापते, दुसरी ते उकरून बाहेर काढते. उकरणारे दाते कापणाऱ्यांपेक्षा किंचित बुटके हवेत, आणि हे किंचित इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. वॉरन मिलर नावाच्या जाणत्यानं लिहिलेली आणि वनखात्यानं 1977 मध्ये काढलेली एक पुस्तिका या धार लावण्याची पोथी आहे. धार बरोबर लागली की भुसा पडत नाही, लाकडाच्या लांबच लांब शेवया पडतात. बाई चिमटीत एक शेवई धरून उन्हाकडे बघतात. ती वीतभर भरली तर दिवस चांगला.

यंदा आमचे सासरे सहा महिन्यांसाठी आले. अप्पा जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, गडहिंग्लजला स्थायिक. मुलीच्या घरी टीव्ही बघून कंटाळले आणि म्हणाले, ‘‘मी पण येतो. नुसता बसतो.’’ बाईंनी त्यांना नियम सांगितला: हेल्मेट घालायचं, फॉर्मवर सही करायची, करवतीला हात लावायचा नाही. अप्पांनी फॉर्म दोनदा वाचला आणि तारखेसह सही ठोकली. आयुष्यभर दुसऱ्यांकडून सह्या घेतलेल्या माणसाला सही करण्यात काय सुख असतं ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

पहिला ओंडका आला तशी अप्पांमधला ओव्हरसिअर जागा झाला.

‘‘जावईबापू, विचारा त्यांना, टेंडर कुणाचं?’’

‘‘टेंडर नाही, अप्पा. स्वयंसेवक आहेत सगळे.’’

‘‘मग बिल कोण काढणार?’’

‘‘बिलच नाही.’’

‘‘बरं, बिल नसू दे. मेजरमेंट बुक?’’

मी बाईंना विचारलं. त्यांनी खिशातून छोटी वही काढली. कुठल्या वाटेवर, कितव्या मैलाला, किती जाडीचं झाड काढलं, याची त्यात ओळीनं नोंद होती. अप्पांचा जीव भांड्यात पडला. जगात कुठेही गेलं तरी एमबी असते, हे कळल्यावर त्यांना अमेरिकेबद्दल प्रथमच विश्वास वाटला असावा.

आता त्यांनी गळ्यातली मफलर काढली, झाडाला गुंडाळली, वितीनं मोजली. ‘‘घेर दहा फूट. तुम्ही किती लांबीचं कापणार?’’ वाटेच्या रुंदीचा आठ फुटांचा तुकडा काढायचा होता, म्हणजे सामान लादलेलं खेचरही निघून जाईल. अप्पांनी डोळे मिटले. ‘‘घेर भागिले चार, अडीच. अडीचाचा वर्ग सव्वासहा. गुणिले आठ. पन्नास घनफूट!’’ वखारीतलं हे गणित त्यांना पाढ्यासारखं पाठ. ‘‘पन्नास घनफूट सरळसोट माल, गाठ नाही, पोकळी नाही. कुठं पाठवणार?’’

‘‘कुठेच नाही. वाटेच्या कडेला ढकलून द्यायचा.’’

‘‘लिलाव?’’

‘‘नाही.’’

‘‘निदान रेंजरच्या बंगल्याला?’’

‘‘तोही नेत नाही, अप्पा.’’

अप्पा त्या झाडावरच बसले. पुढची पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

ते तसे बसले असताना आमची साइट मीटिंग सुरू झाली होती. ओंडका कापायच्या आधी त्याची कुंडली मांडतात. झाड दोन टोकांवर टेकलंय आणि मधे अधांतरी आहे का? मग वरचा भाग दाबलेला आणि खालचा ताणलेला. वरून कापत गेलं तर फट मिटते आणि करवत आत अडकते. म्हणून पाचरी ठोकायच्या, फट उघडी ठेवायची. एकच टोक टेकलंय आणि दुसरं हवेत आहे का? मग सगळं उलटं. झाड दुसऱ्या उभ्या झाडांत वाकून अडकलं असेल तर आडवा ताण, आणि तो सुटला की बुंधा जिकडे जायचा तिकडे झपकन जातो. मुळासकट उपटलेलं असेल तर आणखी गंमत. खोडाचं वजन उतरल्यावर मुळांचा तो प्रचंड गड्डा बुंध्यासकट पुन्हा उभा राहू शकतो. पडलेलं झाड उठून उभं राहतं हे वाक्य राजकारणात ऐकायला बरं वाटतं, जवळ उभं असताना नाही. शिवाय वर बघायचं, कुठे तुटकी फांदी लटकत नाही ना. पळायची वाट आधी मोकळी करून ठेवायची. कापणाऱ्यानं शक्यतो चढाच्या बाजूला राहायचं, उताराच्या नाही.

ही चर्चा अर्धा तास सहज चालते. आठ माणसं झाडाभोवती फिरतात, वाकतात, एक डोळा मिटतात आणि हातवारे करतात. प्रत्येकाचं मत असतं. आपल्याकडे या अवस्थेला समिती नेमणं म्हणतात, फरक एवढाच की इथली समिती नंतर स्वतःच करवत उचलते. अप्पा एव्हाना सावरले होते. ते उठून आले, त्यांनी झाडाला एक चक्कर मारली आणि मराठीत निकाल दिला, ‘‘वरनं दाब आहे. आधी पाचर मारा.’’ बाईंनी अर्थ न विचारता मान हलवली. त्यांचं मतही तेच होतं.

करवतीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमची सौभाग्यवती. मधे तीन फूट झाड. या करवतीचा नियम एकच: ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं. नवखा माणूस उत्साहानं ढकलतो, समोरच्याला मदत म्हणून. त्या मदतीनं समोरच्याचं काम दुप्पट होतं. समोरचा ओढत असताना आपण नुसतं सोडायचं, पण मूठ मात्र धरून ठेवायची. मग आपली पाळी आली की ओढायचं, आणि तेव्हा त्यानं सोडायचं. ऐकायला सोपं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून येणाऱ्या प्रत्येकाला शपथेआधी दिवसभर या करवतीच्या टोकाला बसवावं, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अजून अनुमोदक मिळालेला नाही.

‘‘ढकलू नकोस,’’ पलीकडून आवाज आला.

‘‘मी कुठे ढकलतोय?’’

‘‘मग ही वाकली कशी?’’

‘‘तू ओढली नाहीस म्हणून.’’

‘‘मी ओढणार कशी? तू सोडलीच नाहीस!’’

गटातल्या एका तरुणानं कौतुकानं विचारलं, की तुम्ही दोघं ताल धरायला मराठीत काही म्हणता का? अप्पांनी मात्र वरून तोडगा काढला, ‘‘तुम्ही दोघं गप्प बसा, करवतीला बोलू द्या.’’ आणि खरंच, गप्प बसल्यावर ती बोलायला लागली. जुन्या पोलादाचा तो आवाज एका लयीत येतो-जातो. शेवया बुटावर पडायला लागतात, राळेचा वास सुटतो, पातं चिकट झालं की बाई बाटलीतून दोन थेंब तेल सोडतात. अर्ध्याच्या खाली गेल्यावर पाचर ठोकली. मग लाकूड ‘कट्’ असं एकदाच म्हणालं आणि सगळे जागच्या जागी थिजले. बाईंनी कान लावला, मान डोलावली. आणखी दहा-बारा ओढण्या, आणि तुकडा धप्पकन बसला. असाच काप दुसऱ्या बाजूला. त्यात दुपार झाली.

आता टनभराच्या वरचा तो तुकडा वाटेवरून हलवायचा. त्याला यंत्र नाही, तरफ आहे, आणि मुख्य म्हणजे पाय आहेत. ओळीनं जमिनीवर बसायचं, पाठ चढाला टेकायची, दोन्ही पाय ओंडक्याला लावायचे आणि एकदम रेटा द्यायचा. आम्ही बसलो. ओळीच्या टोकाला हालचाल झाली म्हणून बघितलं, तर अप्पा बुटांसकट तयार.

‘‘अप्पा, तुम्ही नको.’’

‘‘का? करवतीला हात लावायचा नाही असं बाई म्हणाल्या. पायाला लायसन लागतं असं कुठं म्हणाल्या?’’

बाईंना याचा अनुवाद करून सांगितला. त्यांनी फॉर्म पुन्हा एकदा तपासला आणि अप्पांना ओळीच्या मधे, दोन दणकट पोरांच्यामध्ये बसवलं. ओंडका हलला, कलला आणि फर्नमधून सावकाश खाली जाऊन थांबला. अप्पा उठून हात झाडत म्हणाले, ‘‘पन्नास घनफूट गेलं.’’ दुःख होतं, पण त्यात थोडा अभिमानही मिसळलेला होता.

जेवताना बाईंनी त्यांना जवळच पडलेला एक जुनापुराणा ओंडका दाखवला. शेवाळानं भरलेला, आणि त्याच्या पाठीवर हेमलॉकची बोटभर रोपं रांगेत उगवलेली. इथल्या दाट जंगलात जमिनीवर पालापाचोळ्याची आणि शेवाळाची इतकी गर्दी असते की बी रुजायला जागा मिळत नाही. ते कुजणाऱ्या ओंडक्यावर रुजतं. पुढे शेकडो वर्षांनी ओंडका संपून जातो आणि झाडं मात्र ओळीत उभी राहतात, कोणी दोरी धरून लावल्यासारखी. अप्पांनी वाकून रोपं मोजली. ‘‘म्हणजे माल वाया जात नाही. साइटवरच वापरतात,’’ असं म्हणून त्यांनी लसणाच्या चटणीची डबी बाईंपुढे केली. बाईंनी घेतली, खाल्ली, आणि नंतर बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

वाटेवरून जाणारे-येणारे हा या कामातला दुसरा विरंगुळा. बहुतेक लोक थांबून मनापासून ‘थँक यू’ म्हणतात. काही जण तळं अजून किती लांब आहे ते विचारतात. हेल्मेट घातलेल्या माणसाला सगळं माहीत असतं असा त्यांचा समज. काही जण आम्हाला पगारी समजून वर आणखी तीन झाडं पडली आहेत, कधीची तक्रार केलीय, असं दरडावतात. एक बाई कुत्र्यासह थांबून कळवळून म्हणाल्या, ‘‘बिचारं झाड! त्याला का मारताय?’’ ते नोव्हेंबरातच वारलंय, आम्ही फक्त उचलायला आलोय, हे त्यांना समजावण्यात एक पाचर कोरडीच ठोकली गेली. आणि एक दणकट तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा, क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘चेनसॉ का नाही आणत?’’ त्याला कायदा सांगावा तर तो ऐकायला थांबला नाही.

अप्पांनी मात्र तोच प्रश्न जेवल्यावर रीतसर विचारला. ‘‘एखादी खास परवानगी काढायची. एवढ्या मोठ्या खात्यात एक साहेब सही करणारा मिळू नये?’’

मिळाला होता. 2019 मध्ये कोलोरॅडोत किडीनं स्प्रूसची झाडं इतकी मेली आणि वाटांवर इतकी आडवी पडली, की वनखात्यानं तिथल्या दोन अरण्यांत तात्पुरती यंत्रकरवतीला परवानगी दिली. लगेच पर्यावरणवाल्या संस्था कोर्टात गेल्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘ग्रेट ओल्ड ब्रॉड्स फॉर वाइल्डर्नेस’, म्हणजे साधारण अरण्यासाठी कंबर कसलेल्या खमक्या म्हाताऱ्या. 1989 पासून त्या या कामात आहेत. म्हाताऱ्या माणसांना आत जाता यावं म्हणून अरण्यांत रस्ते हवेत असा सूर निघाला होता, तेव्हा आमचं नाव पुढे करून रस्ते करू नका, आम्ही चालत जाऊ, असं ठणकावत ही संस्था उभी राहिली. शेवटी खात्यानं परवानगी मागे घेतली. हे ऐकताना अप्पा आमच्या गटप्रमुख बाईंकडे बघत होते. त्या पलीकडे शांतपणे करवतीचं पातं पुसत होत्या. ‘‘नको,’’ अप्पा हळूच म्हणाले, ‘‘साहेबानं सही केली नाही तेच बरं.’’

त्यांचा खरा धक्का अजून यायचा होता. संध्याकाळी गाड्यांपाशी आल्यावर बाईंनी सगळ्यांचे तास लिहून घेतले. तास कशाला, हे अप्पांनी विचारलं. कारण असं, की इंडिपेंडंट सेक्टर नावाची एक संस्था दर वर्षी स्वयंसेवकाच्या एका तासाची किंमत काढते. 2023 ची किंमत होती 33 डॉलर 49 सेंट. अशा तासांचा हिशेब दाखवून संस्थांना अनुदानं मागता येतात. फुकट कामालाही इथे दर आहे हे ऐकून अप्पा परतीचा सगळा रस्ता मागच्या सीटवर पुटपुटत होते. घर आल्यावर त्यांनी निकाल जाहीर केला.

‘‘आठ माणसं, सात तास. छप्पन्न तास. गुणिले तुमचा तो दर. डॉलर पंच्याऐंशी रुपये धरला. एक लाख एकोणसाठ हजार चारशे बारा रुपये. लहान-मोठे मिळून ओंडके चार. म्हणजे एका ओंडक्याला चाळीस हजार कापणावळ. चाळीस हजार! आणि माल तिथंच टाकून आलात!’’

‘‘पण वाट मोकळी झाली ना, अप्पा?’’

‘‘ते झालं,’’ त्यांनी कबूल केलं. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘माझे सात तास त्यात धरलेत का बाईंनी?’’

धरले होते. वहीत त्यांचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं, पण तास बरोबर. ते कळल्यावर अप्पांचा हिशेबाचा सूरच बदलला. चाळीस हजारांचा उल्लेख त्यांनी नंतर केला, तो थेट खर्च म्हणून नाही, तर आपला भाव म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती त्यांच्या फोनवरच्या आवाजानं. गडहिंग्लजला धाकट्या भावाशी बोलत होते. अमेरिकेतून फोन करायचा म्हणजे अंतराच्या प्रमाणात ओरडायचं, हा त्यांचा नेम.

‘‘होय, लागलो! फॉरेस्टात. सरकारी, सरकारी! सही झाली कालच... नाही, पगार नाही. पण झाड अंगावर पडलं तर भरपाई आहे... होय, कायद्यात आहे तसं, बहात्तरच्या... नाही, इथली पेन्शन नाही. माझी ती चालू राहते... साहेब? साहेब नाही, बाई आहेत. कडक आहेत, पण एमबी चोख ठेवतात.’’

पलीकडचा भाऊ बराच वेळ काही बोलत राहिला. अप्पांनी ऐकून घेतलं, मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

‘‘जावईबापू, आमच्या धाकट्याच्या पोराचं तिथं काही जमतंय का, एकदा बाईंच्या कानावर घाला. पोरगा बी.कॉम. आहे, पण ढकलत नाही.’’